फक्त लाईट लागत नाहीत!

"गाडी एकदम फर्स्टक्लास आहे हो, फक्त लाईट लागत नाहीत!" जुनी मोटारसायकल विकणारा माणूस पुण्याच्या नाना पेठेतला असो नाहीतर व्हर्जिनियातल्या एखाद्या गराज सेलमधला, हे वाक्य तो अगदी सहज बोलून जातो. जणू लाईट म्हणजे चहाबरोबरची बिस्किटं. असली तर उत्तम, नसली तरी काही अडत नाही! इंजिन दुसऱ्या किकला सुरू होतं, आवाज ओळखीचा वाटतो, टाकीवरून हात फिरवला की कॉलेजचे दिवस आठवतात, आणि घेणारा पैसे मोजून मोकळा होतो. त्या ‘फक्त’ची किंमत मग पुढचे सहा महिने हप्त्याहप्त्याने कळत राहते.

आमच्या अ‍ॅशबर्नची ख्याती डेटा सेंटरचं गाव म्हणून आहे. इथल्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारतींमध्ये वीज एक क्षणही जाऊ नये म्हणून बॅटऱ्यांच्या खोल्याच्या खोल्या आणि डिझेल जनरेटरच्या रांगा उभ्या असतात. त्याच इमारतींच्या सावलीतल्या टाऊनहाऊसच्या गराजमध्ये मात्र सायकली, बर्फाचं फावडं आणि रिकामे खोके यांच्या मागे एखादी जुनी मोटारसायकल कव्हर घालून उभी असते आणि तिचा टेललाईट लागत नसतो. आपल्या मंडळींमध्ये हा छंद दिसतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. कुणाकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी गाडी असते, कुणाकडे बुलेट, आणि कुणाच्या मनात गावी अंगणात उभी असलेली वडिलांची येझदी असते.

हा लेख त्या सगळ्यांसाठी. इंजिनाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. वायरिंगचं नाव काढलं की मात्र भल्याभल्यांचा चेहरा पडतो. खरं सांगायचं तर जुन्या गाडीचं वायरिंग हे आपल्या घरच्या वायरिंगपेक्षाही साधं असतं. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एक बॅटरी, एक फ्यूज, चार स्विच आणि सात-आठ बल्ब. फक्त शोधायचा क्रम ठाऊक हवा.

एवढं काय अडतं?

मोटारसायकलवाल्याला आपला मागचा दिवा गाडी चालवताना कधीच दिसत नाही. गाडीत बसलेल्या माणसाभोवती निदान पत्र्याचा डबा असतो, एअरबॅग असते. दुचाकीवर बसलेल्याला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्याला आपण दिसणं. समोरून येणारा कारवाला लेफ्ट टर्न घेताना मोटारसायकल आडवी येते, हा दुचाकीच्या अपघातांचा इथला ठरलेला नमुना आहे. आणि "मला तो दिसलाच नाही" हे त्यानंतरचं ठरलेलं वाक्य. म्हणूनच भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू होताच आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम झाला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

त्यातून आमच्या लाउडन काउंटीची आणखी एक गोष्ट. अ‍ॅशबर्नपासून तासाभराच्या आत पश्चिमेला गेलं की मिडलबर्ग, ब्लूमाँटच्या बाजूला अजूनही कच्चे, खडीचे रस्ते आहेत. रविवारच्या फेरफटक्याला सुंदर! पण तिथे रस्त्यावर दिवे नाहीत, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा हरणांचा मोसम. संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो आणि हरीण काही हॉर्न ऐकून थांबत नाही. अशा वेळी हेडलाईटचा उजेड तीस टक्क्यांनी कमी असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

व्हर्जिनियात मोटारसायकललाही दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन असतं, आणि त्यात दिवे बघतात. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ‘अँटीक’ नंबर प्लेट घेतली की वापरावर मर्यादा येतात, पण इन्स्पेक्शनमधून सूट मिळते. सूट कागदाला मिळते, हरणाला किंवा मागच्या ट्रकवाल्याला त्याची कल्पना नसते. तेव्हा अशा गाडीचं इन्स्पेक्शन आपणच करायचं.

आधी बॅटरी, मग बाकी सगळं

दिवे मंद आहेत म्हटल्यावर बरेच जण पहिल्यांदा बल्ब बदलतात. दुकानात जाऊन आणता येणारी ती एकमेव वस्तू असते म्हणून! पण सुरुवात नेहमी बॅटरीपासून करावी. एक साधा डिजिटल मीटर घ्या. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चांगली भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर ती रिकामी समजावी.

आता इंजिन सुरू करून जरा रेस करा. मीटर चढून साडेतेरा-चौदाच्या घरात, फार तर साडेचौदापर्यंत जायला हवा. चढलाच नाही तर बॅटरी चार्ज होत नाहीये. मग नवी बॅटरी टाकूनही आठ दिवसांत तीच रड. उलट पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर कामातून गेलाय; बल्ब एकामागून एक उडणार आणि बॅटरीचं पाणी आटणार.

इथल्या हिवाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी असते. बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरत जाते. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण जवळपास पाण्यासारखंच होतं आणि लाउडनच्या जानेवारीत गोठून खोकं तडकवू शकतं. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बॅटरी काढून घरात छोट्या मेंटेनन्स चार्जरवर लावून ठेवावी. लोणच्याची बरणी जशी कोरड्या जागी ठेवतो, तसंच हे.

मीटरची पिपाणी खोटं बोलते

बॅटरी ठीक, बल्ब ठीक, फ्यूज ठीक, तरी उजेड नाही. अशा वेळी हौशी माणूस मीटर ‘कंटिन्युइटी’वर ठेवतो, वायरीच्या दोन टोकांना लावतो, पिपाणी वाजते, आणि तो निर्धास्त होतो. इथेच फसगत होते.

वायरीच्या आत वीस बारीक तारा असतील आणि त्यातल्या एकोणीस तुटून एकच उरली असेल, तरी पिपाणी वाजतेच. कारण मीटर त्या वायरीतून अगदी चिमूटभर करंट सोडतो. हेडलाईटला मात्र ६० वॉटसाठी १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. पायवाटेवरून एक माणूस जातो म्हणून तिथून एसटी जाईल असं नाही!

म्हणून तपासायचं ते चालू दिव्याने. हेडलाईट लावा आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं बल्बच्या होल्डरमधल्या चालू वायरीला लावा. वायरिंग चांगलं असेल तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत काहीतरी दाखवेल. दीड-दोन व्होल्ट दाखवले तर तेवढे व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. मग बल्बकडून मागे मागे यायचं. आधी होल्डर, मग हेडलाईटच्या खोक्यातला कपलर, मग अपर-डिपरचा स्विच, मग किल्लीचा स्विच, मग फ्यूज. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो, तो आपला चोर.

गणित बघा. एका गंजलेल्या सांध्याचा रेझिस्टन्स फक्त ०.३ ओहम आहे असं धरू. त्यातून पाच अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच संपतात आणि साडेसात वॉट उष्णता त्या सांध्यात तयार होते. म्हणूनच असे कपलर हाताला गरम लागतात, पिवळे-तपकिरी पडतात, कधी वितळतात. आणि बल्बचं गणित सरळ नसतं. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांनी कमी! उलट व्होल्टेज दहा टक्के जास्त झालं की बल्बचं आयुष्य साधारण एक तृतीयांशावर येतं. मंद दिवा आणि वरचेवर उडणारा बल्ब, दोन्ही तक्रारींचं मूळ या एका नियमात आहे.

आपल्याकडच्या जुन्या जावा-येझदीच्या हेडलाईटची जी मेणबत्ती म्हणून थट्टा व्हायची, तिचंही कारण इथेच. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागल्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या ६ व्होल्टच्या. तेवढेच वॉट ६ व्होल्टवर हवे असतील तर करंट दुप्पट लागतो. म्हणजे त्याच सांध्यात दुप्पट व्होल्ट वाया जातात, तेही मुळातल्या निम्म्या व्होल्टेजमधून. टक्केवारीत नुकसान चौपट. १२ व्होल्टच्या गाडीला जो सांधा चालून जातो, तो ६ व्होल्टच्या गाडीला अंधारात ढकलतो. त्या गाड्यांवर सांधे लख्ख ठेवणं याला पर्याय नाही.

बॉडी अर्थ: न दिसणारी वायर

करंटला जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते. मोटारसायकलमध्ये परतीची वाट म्हणजे बऱ्याच अंशी गाडीचा सांगाडाच. याला आपले मेकॅनिक ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. ही वायर दिसत नाही म्हणून तिचा संशयही कुणाला येत नाही. जुन्या गाडीत निम्मी दुखणी इथली असतात असं कुठलाही मुरलेला ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल.

गेल्या काही वर्षांत मी ज्या गाड्यांना हात लावला त्यातली एक इथे सांगतो, कारण तिच्यात सगळा धडा आहे. आमच्या एका स्नेह्यांनी १९७० च्या दशकातली जपानी गाडी एका निवृत्त अमेरिकन गृहस्थांकडून घेतली. दोन उन्हाळे खपून बापलेकांनी ती उघडली, घासली, रंगवली. अशी चकाचक झाली की बघत राहावं. मुलगा एकोणीस वर्षांचा. सुट्टीत घरी आला होता आणि त्याला ती चालवत कॉलेजला घेऊन जायची होती, म्हणजे चांगला तीन तासांचा रस्ता. वहिनींनी किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती.

"भावजी, इंजिनातलं मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण काल हा अंगणात गाडी घेऊन आला तेव्हा मी मागेच उभी होते. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा वाढायच्या ऐवजी विझतोय. हे नीट झालं असं तुम्ही सांगा, मगच किल्ली."

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. "काका, अख्खं हार्नेसच बदलूया ना! ऑनलाईन मिळतंय. आणि सगळे बल्ब एलईडी टाकू."

वहिनींनी इंजिनिअर नसताना जे नेमकं पाहिलं होतं त्यातच उत्तर होतं. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक टेललाईटचं बारीक आणि एक ब्रेकलाईटचं जाड. दोघांची परतीची वाट एकच, बल्बची पितळी टोपी. ती वाट खराब असेल तर नुसता टेललाईट कसाबसा चालून जातो, कारण त्याला करंट थोडाच लागतो. ब्रेक दाबला की जाड फिलामेंटचा भला मोठा करंट त्याच अरुंद वाटेवर येतो, तिथे व्होल्टेज तुंबतं, आणि टेललाईटच्या वाट्याला काहीच उरत नाही. दोन्ही फिलामेंट मिळून नुसता निखाऱ्यासारखा लालसर उजेड. म्हणजे ज्या क्षणी मागच्याला सगळ्यात जास्त दिसायला हवं, त्याच क्षणी गाडी अंधारात!

मुलाच्या हातात मीटर दिला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या होल्डरच्या धातूला. ब्रेक सोडलेला असताना मीटरने किरकोळ आकडा दाखवला. "आता दाब," म्हटलं. आकडा उडी मारून साडेसहा व्होल्टवर गेला. तिथे शून्याच्या आसपास असायला हवं. साडेबारातले साडेसहा व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते. हार्नेसमध्ये काही दोष नव्हता, बल्बमध्येही नव्हता.

मग मी एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट होल्डरला धरली. ब्रेक दाबला, आणि गराजची मागची भिंत लाल झाली. वहिनी दारातूनच "हां!" म्हणाल्या.

कारण? मडगार्डला दिलेला तो सुंदर रंग. टेललाईटचं ब्रॅकेट मडगार्डला, मडगार्ड सांगाड्याला, आणि सगळ्या बोल्टांखाली नव्या रंगाचा थर. रंग वीज वाहून नेत नाही. बोल्टाच्या आट्यांमधून जेवढं पाझरेल तेवढ्यावर तो दिवा चालला होता. पॉलिश पेपरने बोल्टाखालची रुपयाएवढी जागा घासून उघडी केली, दातेरी वॉशर टाकला, वर गंजू नये म्हणून ग्रीसचं बोट फिरवलं, आणि शिवाय होल्डरपासून सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र वायर टाकली. खर्च दोन डॉलरच्या आत. अख्खं हार्नेस बदललं असतं तर दोन आठवडे गेले असते आणि दिवा तसाच विझत राहिला असता.

रंगकाम किंवा पावडर कोटिंग करून आलेल्या गाडीत दिवे बिघडले की पहिला संशय हाच घ्यावा. आणि ब्रेक दाबल्यावर मीटरमधला दिवा लुकलुकणं, इंडिकेटर लावल्यावर हेडलाईट थरथरणं, हॉर्न वाजवल्यावर भलताच दिवा लागणं, असं ‘भूत’ दिसलं तर मांत्रिक नको, अर्थ बघा. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या घरातून वाट काढतो, इतकंच.

इंडिकेटर आणि एलईडीचा मोह

जुन्या इंडिकेटरचा फ्लॅशर म्हणजे आत तापून वाकणारी एक पट्टी. बल्बमधून जाणाऱ्या करंटवर ती तापते, वाकते, दिवा बंद होतो, निवते, पुन्हा लागतो. म्हणून एक बल्ब उडाला, किंवा त्याचा अर्थ सैल झाला, की करंट अर्धा होतो आणि इंडिकेटर एकतर नुसता लागून राहतो किंवा वेडावाकडा लुकलुकतो. एकाच बाजूला असं होत असेल तर फ्लॅशर नव्हे, त्या बाजूचा बल्ब आणि होल्डर बघा. दोन्ही बाजूंना होत असेल तर आधी बॅटरी, मग फ्लॅशर.

एलईडी टाकले तर ते इतका कमी करंट घेतात की ती पट्टी तापतच नाही. मग एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो. त्यातही एक गंमत आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच बाणाचा दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि परतीची वाट समोरच्या बाजूच्या बल्बमधून घेतो. साध्या बल्बला तेवढ्या करंटचं काही वाटत नाही. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतो. परिणाम: डावीकडे वळायचं म्हटलं तर चारही इंडिकेटर लागतात! तो मधला दिवा वेगळा करून दोन डायोडांमधून जोडला की प्रश्न सुटतो.

मागच्या दिव्यांना चांगले एलईडी टाकायला माझी हरकत नाही. हेडलाईटला मात्र जपून. जुना रिफ्लेक्टर हा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात भलताच बल्ब बसवला की रस्त्यावर उजेड पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा साधा हॅलोजन ठेवून एक रिले बसवा. म्हणजे हँडलवरचा नाजूक स्विच फक्त रिलेला हुकूम देईल आणि बॅटरीतून जाड वायरीने थेट बल्बला पुरवठा होईल.

फ्यूज आणि सिगारेटची चांदी

फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावायची, हा आपल्याकडचा जुना घाटातला इलाज. खंडाळ्याच्या चढावर रात्री अकरा वाजता कुणी केला असेल तर मी समजू शकतो. पण फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला. चांदी लावली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेली असते.

नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा फ्यूज जाळून तो सापडत नाही. त्याऐवजी फ्यूजच्या जागी हेडलाईटचाच एक जुना बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लखलखीत पेटेल, पण वायरिंगमधून पाच अँपिअरपेक्षा जास्त जाऊ देणार नाही. आता सावकाश एकेक वायर हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब एकदम मंदावेल किंवा विझेल, तिथे चोर सापडला.

पहिल्यांदा हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वायरी तिथेच रोज वाकतात आणि घासतात, त्यामुळे शॉर्ट आणि तुटलेल्या वायरी बहुतेक हँडलच्या मानेपाशीच मिळतात. मग सीटखाली, जिथे सीटचा पत्रा वायरींवर बसतो. मग मागच्या मडगार्डच्या कडेला. जुन्या काचेच्या फ्यूजची पितळी क्लिप सैल आणि काळी झाली असेल तर फ्यूज चांगला असूनही पुरवठा अर्धा होतो. तो होल्डर बदलून नव्या पद्धतीचा, चपट्या पात्याचा बसवणं हे सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचं काम.

देशातून गाडी आणणार असाल तर

पंचवीस वर्षांहून जुन्या वाहनाला अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मानकांमधून सूट आहे, आणि मूळ स्वरूपातल्या एकवीस वर्षांहून जुन्या वाहनाला प्रदूषणाच्या मानकांमधून. म्हणजे ज्या गाड्यांवर आपलं कॉलेज झालं त्या नव्वदच्या दशकातल्या गाड्या आता नियमाने इथे आणता येतात. १९८५ ते १९९६ दरम्यान बनलेली आरएक्स १०० असो की वडिलांची बुलेट, पुष्कळांच्या मनात हा विचार घोळतो. आणणाऱ्याने दिव्यांच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक. आपल्याकडच्या त्या काळच्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटोच्या एका कॉइलवर थेट एसीवर चालतो. म्हणून रेस केली की प्रखर, सिग्नलला थांबलं की मंद. हा बिघाड नव्हे, ती तिची प्रकृती आहे. तिथे तपासताना मीटर एसीवर ठेवायचा, डीसीवर ठेवला तर भलताच आकडा येईल आणि नसता घोळ होईल. अशा गाडीत रेग्युलेटर गेला किंवा एक बल्ब उडाला की उरलेल्यांना जास्त व्होल्टेज मिळून तेही उडतात. ‘काल टेललाईट गेला, आज हेडलाईट’ याचा अर्थ हा.

दोन. आपण देशात डावीकडून गाडी चालवतो, इथे उजवीकडून. डिपरचा झोत ज्या हेडलाईटमध्ये एका बाजूला वर उचललेला असतो, त्यात तो आपल्याकडे डावीकडे उचललेला असतो, फुटपाथ दिसावा म्हणून. इथे तोच झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. तेव्हा इथल्या बाजूची काच किंवा अख्खा हेडलाईट बदलून घ्या.

तीन. पॉझिटिव्ह कुठला आणि अर्थ कुठला हे आधी नक्की करा. सत्तरच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्हच सांगाड्याला जोडलेला असे. बॅटरी उलटी लावली की दिवे लागतील, पण रेक्टिफायर जळेल.

शेवटी, क्रम एवढाच

बॅटरी, चार्जिंग, फ्यूज, बल्ब, अर्थ, सांधे, स्विच आणि मग वायर. याच क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने बरं झालं ते कळेल. वायर काढण्याआधी फोनवर फोटो काढा. हत्यारं फार लागत नाहीत: एक मीटर, दोन वायरी जोडलेला एक बल्ब, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि धीर. इथले रस्ते हिवाळ्यात मिठाने पांढरे होतात. वसंतात गाडी बाहेर काढताना सगळे कपलर एकदा उघडून साफ केले तर वर्षभर बघावं लागत नाही. आणि निघण्याआधी रोज गराजच्या भिंतीकडे पाठ करून दोन्ही ब्रेक एकेक दाबून बघावेत. पुढच्या ब्रेकचा स्विच वेगळा असतो आणि मागच्याचा वेगळा. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही.

ती जपानी गाडी त्या ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. मुलगा आता फोनवर इंजिनाबद्दल वडिलांशी बोलतो आणि दिव्यांबद्दल आईशी. तिकडे पोचल्यावर तो पहिला फोटो ब्रेकलाईटचा पाठवतो, असं वहिनी सांगत होत्या.

आपल्यापैकी कुणाच्या गाडीने असं एखादं कोडं घातलं असेल, सुटलेलं वा न सुटलेलं, तर अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा. गाडीचं वर्ष, ६ व्होल्ट की १२, आणि ब्रेक दाबल्यावर नेमकं काय होतं एवढं मात्र न विसरता लिहा. निम्मं उत्तर त्यातच असतं.